फितीचे आजोबा, वडील आणि मुलगा

संगणकावरील माहितीची दुसरी प्रत काढून ठेवावी, हे आता शाळेच्या कार्यालयातही सर्वांना ठाऊक आहे. निकालपत्रके, पगारपत्रके, दाखल्यांच्या नोंदी हे सारे संगणकात गेल्यापासून ‘बॅकअप घेतला का?’ हा प्रश्न मुख्याध्यापकांच्याही तोंडी असतो. पण या एका शब्दाखाली पाच-सहा अगदी निरनिराळ्या पद्धती दडलेल्या आहेत. त्या कोणी एकाच वेळी बसून ठरवलेल्या नाहीत. प्रत्येक पद्धत त्या त्या काळच्या यंत्रांच्या मर्यादेतून आली आणि त्या काळी ज्या संकटाची भीती वाटत होती त्यावरचा तोडगा म्हणून रुजली. संकट बदलले की तोच तोडगा निरुपयोगी ठरू शकतो. म्हणून कोणती पद्धत निवडावी हे ठरवण्यापूर्वी ती का जन्मली हे पाहणे उपयोगाचे आहे.

आपोआप उरणारी प्रत

१९५१ साली अमेरिकेच्या जनगणना खात्याला युनिव्हॅक हा संगणक मिळाला. माहिती साठवण्यासाठी त्याला चुंबकीय फीत होती. ही फीत धातूची होती : अर्धा इंच रुंदीची, निकेलचा मुलामा दिलेली फॉस्फर ब्राँझची पट्टी. पुढच्याच वर्षी आयबीएम कंपनीने प्लास्टिकची फीत वापरणारे यंत्र बाजारात आणले. त्यात एका इंचात १०० अक्षरे मावत आणि एका रिळावर साधारण वीस लाख. आज मोबाइलमधील एका छायाचित्रालाही याहून जास्त जागा लागते.

फितीचा एक स्वभाव लक्षात घ्यायला हवा. वहीतली एक ओळ खोडून तिथेच नवी लिहावी, तसे फितीवर करता येत नसे. समजा, एका बँकेच्या सर्व खात्यांची शिल्लक एका मुख्य फितीवर आहे आणि दिवसभराचे भरणे-काढणे दुसऱ्या फितीवर. रात्री संगणक दोन्ही फिती शेजारी शेजारी वाचत जाई, हिशेब करी आणि नवी शिल्लक तिसऱ्या, कोऱ्या फितीवर उतरवी. काम संपले की हाती नवी मुख्य फीत येई, आणि जुनी मुख्य फीत होती तशीच शिल्लक राही. तिच्यावर कोणी काही लिहिलेलेच नसे !

या नव्या फितीला ‘मुलगा’ म्हणू लागले, जिच्यापासून ती तयार झाली ती ‘वडील’, आणि त्याच्याही आधीची ‘आजोबा’. मुलग्याला काही झाले तर वडील आणि कालचे व्यवहार घेऊन तो पुन्हा तयार करता येई. वडिलांतच चूक निघाली तर आजोबांपर्यंत मागे जाता येई. पुढे हीच नावे वेगळ्या अर्थाने रूढ झाली : रोजची फीत मुलगा, आठवड्याची वडील, महिन्याची आजोबा. आजही अनेक ठिकाणी हीच व्यवस्था चालते, आणि तिच्यात एक शहाणपण आहे. काही चुका दुसऱ्या दिवशी कळतात, काही महिन्यांनी. फक्त कालचीच प्रत ठेवणाऱ्याला महिन्यापूर्वीची चूक सुधारता येत नाही, कारण कालच्या प्रतीतही ती चूक असतेच.

त्या काळच्या फितीच्या रिळाला आणखी एक साधी सोय होती. रिळाच्या पाठीमागे एक खोबण असे. तीत प्लास्टिकचे कडे बसवले तरच यंत्र त्या फितीवर लिही. कडे काढून ठेवले की ती फीत फक्त वाचता येई, कोणी कितीही आज्ञा दिल्या तरी. ज्यांनी गाण्यांच्या कॅसेटच्या पाठीवरचा प्लास्टिकचा छोटा तुकडा मोडून ठेवला असेल, त्यांना ही युक्ती ओळखीची वाटेल. हे कडे ध्यानात ठेवावे, पुढे त्याचे काम आहे.

तबकडी आली आणि काम वाढले

१९५६ साली आयबीएमने रॅमॅक नावाचे यंत्र आणले. त्यात दोन फूट व्यासाच्या ५० चुंबकीय तबकड्या एकावर एक बसवलेल्या होत्या आणि त्यांत मिळून पन्नास लाख अक्षरे मावत. फीत सुरुवातीपासून उलगडत जावे लागे, तबकडीवर मात्र हव्या त्या जागी थेट जाऊन वाचता-लिहिता येई. हिशेब रात्रीपर्यंत थांबवण्याची गरज उरली नाही. याचे कौतुक झाले ते योग्यच होते.

पण तबकडीवर नवी शिल्लक लिहिली की जुनी पुसली जाते. फितीच्या पद्धतीत जुनी प्रत आपोआप, काही खर्च न करता उरत होती, ती आता उरेना. प्रत काढणे हे वेगळे, मुद्दाम करावयाचे काम झाले. मुद्दाम करावयाच्या कामाचे जे होते तेच याचेही झाले : ते उद्यावर ढकलले जाऊ लागले. बॅकअपच्या इतिहासातील खरे वळण माझ्या मते हेच आहे, जरी यंत्रांच्या इतिहासात ते अशा शब्दांत क्वचितच सांगितले जाते.

सगळे उतरवायचे की बदललेले ?

तबकडीवरचे सगळे रोज फितीवर उतरवावे तर वेळ आणि फिती पुरत नाहीत. मग फक्त बदललेले उतरवावे. पण बदललेले म्हणजे कधीपासून बदललेले ? इथे दोन वाटा फुटतात. शेवटच्या संपूर्ण प्रतीनंतर जे जे बदलले ते सर्व रोज उतरवायचे, ही एक. कालच्यानंतर जेवढे बदलले तेवढेच उतरवायचे, ही दुसरी. पहिलीला ‘फरकाची प्रत’ म्हणू, दुसरीला ‘भरीची प्रत’.

वरच्या वर्गातील विद्यार्थ्यांना हे फळ्यावर करून दाखवता येईल. समजा, एकूण माहिती १०० एकक आहे आणि रोज त्यातील निराळे २ एकक बदलतात. रविवारी संपूर्ण प्रत घेतली आणि पुढे आठ दिवस गेले. रोज संपूर्ण प्रत घेतली तर आठ दिवसांत ८०० एकक फितीवर लिहावे लागतील, पण आठव्या दिवशी तबकडी बिघडली तर एकच फीत पुरे. फरकाच्या पद्धतीत २, ४, ६ असे करत १६ पर्यंत, म्हणजे एकूण ७२ एकक लिहावे लागतील आणि परत भरताना दोन फिती लागतील : रविवारची आणि शेवटची. भरीच्या पद्धतीत लिहिणे फक्त १६ एकक, पण परत भरताना नऊच्या नऊ फिती क्रमाने लागतील, आणि मधली एक जरी कुजली तरी साखळी तुटेल.

म्हणजे आज वाचवलेले श्रम संकटाच्या दिवशी फेडावे लागतात. या दोन टोकांच्या मध्ये काही आहे का ? आहे, आणि ते मोठे गमतीचे आहे.

१९७० च्या दशकात अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत युनिक्स ही कार्यप्रणाली वाढली. तीत ‘डंप’ नावाची आज्ञा होती. प्रत्येक प्रतीला ० ते ९ असा एक स्तर द्यायचा. शून्य म्हणजे संपूर्ण प्रत. इतर कोणताही स्तर दिला तर नियम असा : आपल्यापेक्षा खालच्या स्तराची जी सर्वांत अलीकडची प्रत असेल, तिच्यानंतर बदललेले सर्व उतरवायचे. बर्कले विद्यापीठातून आलेल्या युनिक्सच्या माहितीपुस्तिकेत रोजच्या स्तरांसाठी असा क्रम सुचवलेला होता : ३, २, ५, ४, ७, ६, ९, ८, ९, ९. पुस्तिका त्याला ‘हनोईच्या मनोऱ्या’च्या रीतीचा सुधारित प्रकार म्हणते. एडवर्ड ल्यूका या फ्रेंच गणितज्ञाने १८८३ मध्ये प्रसिद्ध केलेले तीन खुंट्यांचे आणि लहानमोठ्या चकत्यांचे ते कोडे गणिताच्या शिक्षकांना परिचितच आहे. नाते तसे दूरचेच, पण नाव टिकले.

हा क्रम वापरून आपले गणित पुन्हा करू. पहिल्या दिवशी स्तर ३ : शून्यानंतरचे, म्हणजे २ एकक. दुसऱ्या दिवशी स्तर २. तीनपेक्षा दोन लहान, म्हणून कालची प्रत मोजायची नाही. पुन्हा शून्यानंतरचे सारे, ४ एकक. तिसऱ्या दिवशी स्तर ५ : कालच्या दोननंतरचे, २ एकक. चौथ्या दिवशी स्तर ४ : तेही दोननंतरचेच, ४ एकक. असे करत गेले की आठ दिवसांत २४ एकक लिहावे लागतात, आणि आठव्या दिवशी परत भरताना ०, २, ४, ६ व ८ या स्तरांच्या पाच फिती लागतात. ७२ च्या जागी २४ आणि नवाच्या जागी पाच ! शिवाय पहिल्या, तिसऱ्या, पाचव्या, सातव्या दिवशीचे बदल दोन-दोन फितींवर असतात. सम दिवसांचे तसे का नाही, हे विद्यार्थ्यांनी शोधावे.

किर्द आणि खतावणी

या सर्व पद्धतींत एक उणीव राहते. प्रत रात्री घेतली आणि तबकडी दुसऱ्या दिवशी दुपारी चारला बिघडली, तर सकाळपासूनचे काम गेलेच. शाळेला हे चालेल, बँकेला चालणार नाही.

यावरचा उपाय आपल्या पेढीवर पूर्वीपासून होता. दुकानदार आधी रोजकिर्दीत व्यवहार जसा घडला तसा लिहितो, मग सवडीने तो खतावणीत त्या त्या खात्यावर चढवतो. खतावणी हरवली तरी किर्द शाबूत असेल तर ती पुन्हा लिहून काढता येते. माहितीसंचांच्या आज्ञावल्यांनी हेच केले. मूळ नोंद बदलण्यापूर्वी ‘अमुक ठिकाणी अमुक बदल करत आहे’ अशी ओळ वेगळ्या नोंदवहीत लिहायची, ती तबकडीवर पक्की झाल्यावरच पुढे जायचे. आयबीएममध्ये १९७० च्या दशकात जिम ग्रे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी व्यवहाराच्या या कल्पनेला काटेकोर रूप दिले. १९९२ मध्ये सी. मोहन आणि आणखी चौघांनी प्रसिद्ध केलेली ‘एरीज’ ही पद्धती पुढे बहुतेक मोठ्या माहितीसंचांच्या रचनेवर छाप पाडून गेली. मोहन हे आय.आय.टी. मद्रासचे विद्यार्थी.

नोंदवहीचा दुसराही उपयोग आहे. रविवारची संपूर्ण प्रत आणि तेव्हापासूनची नोंदवही हाती असेल, तर पुन्हा सगळे व्यवहार क्रमाने करत करत हव्या त्या क्षणापर्यंत येऊन थांबता येते. मंगळवारी ३ वाजून १० मिनिटांनी कोणी चुकून सारी खाती पुसली ? मग ३ वाजून ९ मिनिटांपर्यंतचे व्यवहार घडवायचे आणि तिथे थांबायचे. पोस्टग्रेस या मुक्त माहितीसंचात ही सोय २००५ साली आली, महागड्या संचांत त्यापूर्वीच होती. चूक यंत्राची नसून माणसाची असते तेव्हा याच्याइतका नेमका उपाय दुसरा नाही.

आरसा म्हणजे प्रत नव्हे

१९८८ साली बर्कलेचे डेव्हिड पॅटरसन, गार्थ गिब्सन आणि रँडी कॅट्झ यांनी एक निबंध प्रसिद्ध केला. एका महागड्या तबकडीऐवजी अनेक स्वस्त तबकड्या एकत्र जोडाव्यात आणि त्यांवर थोडी जादा माहिती ठेवावी, म्हणजे एक बिघडली तरी उरलेल्यांवरून तिच्यातील माहिती काढता येईल, असा त्यांचा प्रस्ताव होता. त्याला ‘रेड’ म्हणतात. सर्वांत साधा प्रकार म्हणजे आरसा : जे एका तबकडीवर, तेच त्याच क्षणी दुसऱ्या तबकडीवर. पुढे जाळी वेगवान झाल्यावर हा आरसा दुसऱ्या इमारतीत, दुसऱ्या शहरातही ठेवता येऊ लागला.

तबकडी मोडण्याच्या संकटावर हा उत्तम उपाय आहे. घोटाळा झाला तो पुढे. तबकड्या स्वस्त झाल्या, आरसे सगळीकडे लागले आणि ‘आपल्याकडे दोन ठिकाणी आहे’ एवढ्यावर लोक निश्चिंत झाले. पण आरशासमोर उभे राहून आपण तोंडाला काळे फासले तर आरशातल्या तोंडालाही ते लागते. पुसण्याची आज्ञा आरसा तितक्याच तत्परतेने पाळतो. घरच्या संगणकावरील जो कप्पा आपोआप इंटरनेटवरील साठ्याशी जुळवून घेतला जातो, तोही असा आरसाच आहे; तिथे पुसलेले काही दिवस कचरापेटीत राहते हीच काय ती सवलत.

फेब्रुवारी २०११ मध्ये हे गुगलला अनुभवास आले. जीमेलच्या साठवणीच्या आज्ञावलीत एक दोष शिरला आणि सुमारे ०.०२ टक्के लोकांच्या टपालपेट्या रिकाम्या दिसू लागल्या. गुगल प्रत्येक पत्राच्या अनेक प्रती निरनिराळ्या केंद्रांत ठेवत असे, पण दोष आज्ञावलीचा असल्याने त्याही सापडल्या नाहीत. पत्रे परत मिळाली ती चुंबकीय फितींवरून. फिती संगणकाला जोडलेल्या नव्हत्या, म्हणून दोष तिथपर्यंत पोहोचला नव्हता.

पाच उपाय, एकही नाही

३१ जानेवारी २०१७ ची गिटलॅब या कंपनीतील घटना मला सर्वांत बोधप्रद वाटते, कारण तिथे पद्धतींची वाण नव्हती. जगभरचे आज्ञावलीकार आपले काम या कंपनीकडे ठेवतात. त्या रात्री मुख्य माहितीसंचावर ताण आला होता आणि त्याचा आरसा मागे पडला होता. तो नव्याने लावण्यासाठी एका अभियंत्याने त्याच्यावरील जुना कप्पा पुसण्याची आज्ञा दिली. आज्ञा गेली ती मुख्य यंत्रावर. एक-दोन सेकंदांत त्याच्या ध्यानात आले, पण सुमारे ३०० गिगाबाइटपैकी साडेचार उरले होते.

मग एकेक उपाय तपासायला घेतला. आरसा ? तो नव्याने लावण्याच्या खटपटीत आधीच रिकामा केलेला. रोज निघणारी संपूर्ण प्रत ? ज्या ठिकाणी ती साठायची तिथे काहीच नव्हते. प्रत काढणारी आज्ञावली ९.२ आवृत्तीची चालत होती, माहितीसंच ९.६ चा, त्यामुळे ती रोज सुरू होऊन रोज अपयशी ठरत होती. अपयशाची ई-पत्रे जात होती, पण त्यांवर योग्य डिजिटल सही नसल्याने ती स्वीकारलीच जात नव्हती. तबकडीचे क्षणचित्र घेण्याची सोय ? ती इतर यंत्रांना लावली होती, माहितीसंचाच्या यंत्रांना नव्हती. अखेर उपयोगी पडले ते त्याच अभियंत्याने दुसऱ्याच कामासाठी सहा तासांपूर्वी हाताने घेतलेले एक क्षणचित्र. तेवढ्यावरून परत भरायला सुमारे अठरा तास लागले, कारण ते ज्या तबकड्यांवर होते त्या मंद होत्या. मधल्या सहा तासांतील सुमारे ५,००० प्रकल्पांच्या नोंदी, ५,००० अभिप्राय आणि ७०० नवी खाती गेली ती गेलीच.

कंपनीने हे सारे लपवले नाही, उलट दुरुस्तीचे काम चालू असताना ते जगाला थेट दाखवले. म्हणूनच आपल्याला एवढा तपशील माहीत आहे. तो वाचताना जाणवते की पद्धत कोणती हा प्रश्न तिथे फार पुढचा होता. रोज निघणारी प्रत कोणी एकदा तरी उघडून, दुसऱ्या यंत्रावर भरून पाहिली असती, तर ती रिकामी आहे हे काही महिने आधी कळले असते.

कडे पुन्हा बसवले जाते

२०१० नंतर एक नवे संकट आले. खंडणीखोर आज्ञावल्या संगणकातील माहिती कुलूपबंद करून पैसे मागू लागल्या, आणि काही तर केवळ नाश करण्यासाठीच सोडल्या गेल्या. २७ जून २०१७ रोजी ‘नॉटपेट्या’ नावाची अशी एक आज्ञावली युक्रेनमधून पसरली आणि मर्स्क या डेन्मार्कच्या जहाज कंपनीचे जगभरचे कामकाज थांबले. आपल्याकडे न्हावा-शेवा येथील जवाहरलाल नेहरू बंदरात या समूहाकडे असलेल्या धक्क्याचे काम विस्कळीत झाले.

मर्स्ककडे बहुतेक यंत्रांच्या प्रती होत्या. नव्हती ती एकाच गोष्टीची : कंपनीत कोणाला कोणत्या यंत्रावर प्रवेश आहे ही यादी सांभाळणाऱ्या संगणकांची. असे सुमारे दीडशे संगणक जगभर होते आणि ते एकमेकांचे आरसे होते. दीडशेच्या दीडशे एकाच वेळी कसे जातील, असा हिशेब होता. ते गेले. वाचला तो एक, आफ्रिकेतील घाना देशातला, कारण हल्ल्यापूर्वी तिथली वीज गेली होती आणि तो जाळ्यापासून तुटला होता ! त्याची हार्ड डिस्क माणसाकरवी इंग्लंडला नेण्यात आली आणि तिच्यावरून पुढचे सारे उभे राहिले. सुमारे ४,००० सर्व्हर आणि ४५,००० संगणक दहा दिवसांत नव्याने बसवल्याचे कंपनीच्या अध्यक्षांनी पुढे सांगितले.

यानंतर ‘एकदा लिहिल्यावर ठरावीक मुदतीपर्यंत कोणालाही बदलता येणार नाही’ अशा साठ्यांची मागणी वाढली. फितीच्या रिळामागचे कडे काढून ठेवण्याचीच ही नवी रीत. पीटर क्रोग या छायाचित्रकाराने २००० च्या दशकात रूढ केलेला नियम आज सर्वत्र सांगितला जातो : तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, त्यांतील एक दुसऱ्या जागी. आता त्याला ‘आणि एक जाळ्यापासून तोडलेली’ अशी पुस्ती जोडतात. शाळेपुरते बोलायचे तर तीन पेन ड्राइव्ह, दर आठवड्याला एक याप्रमाणे आळीपाळीने, आणि त्यांतील एक नेहमी शाळेच्या इमारतीबाहेर, एवढ्यावर भागेल. मात्र सत्रातून एकदा त्यांतली एक दुसऱ्या संगणकावर भरून पाहायला हवी, आणि विद्यार्थ्यांची माहिती त्यात असल्याने तिला सांकेतिक कुलूपही हवे.

दुसऱ्या जागेचे महत्त्व आगीने वेळोवेळी दाखवले आहे. १० मार्च २०२१ रोजी फ्रान्समधील स्ट्रासबूर्ग येथे ओव्हीएच कंपनीचे एक साठवण केंद्र जळाले. काही ग्राहकांनी पैसे देऊन घेतलेल्या राखीव प्रतीही त्याच आवारात होत्या, त्याही गेल्या.

२६ सप्टेंबर २०२५ रोजी दक्षिण कोरियातील देजॉन शहरात सरकारी माहितीकेंद्राला आग लागली. कारण होते लिथियम-आयन विद्युतघट. सहाशेहून अधिक सरकारी सेवा बंद पडल्या. बहुतेकांच्या प्रती अन्यत्र होत्या. सरकारी कर्मचारी आपली कामाची कागदपत्रे ज्या सामाईक साठ्यात ठेवत, त्या ‘जी-ड्राइव्ह’ची मात्र नव्हती. त्यातील ८५८ टेराबाइट माहिती जळाली. साठा फार मोठा आणि संथ असल्याने बाहेर प्रत ठेवता आली नाही, असे सांगण्यात आले.

हे कारण किती खरे, याचे गणित वर्गात करता येईल. २०२१ पासून मिळणाऱ्या एलटीओ जातीच्या नवव्या पिढीच्या चुंबकीय फितीवर १८ टेराबाइट मावतात. ८५८ ला १८ ने भागले की ४८ फिती पुरतात. एका कपाटाचा एखादाच कप्पा. लिहिण्याचा वेग सेकंदाला ४०० मेगाबाइट. एका यंत्रावर अखंड लिहीत राहिले तर सुमारे २५ दिवस, चार यंत्रांवर साडेसहा दिवसांच्या आत. त्यानंतर रोज फक्त बदललेले उतरवायचे, ३, २, ५, ४ या क्रमाने.